आवळलं की टिळा

दसऱ्यानंतरच्या शनिवारी कस्तुरीनं बाबांच्या गॅरेजचं शटर वर केलं आणि ती जागच्या जागी थांबली. गाडी लालेलाल झाली होती.

गाडी म्हणायची ती सवयीनं. अजून तो चार स्टँडवर उभा केलेला लोखंडी सांगाडाच होता. पुढे एका जुन्या माझ्दातून काढून आणलेलं इंजिन बसवलेलं, चारी कोपऱ्यांना चाकं धरणारे सस्पेन्शनचे हात फुटलेले, चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि पत्र्याचे उरलेले भाग अजून खोक्यांतच. कस्तुरीनं हे सगळं शेवटचं पाहिलं होतं ते जुलैत, बाबा गेल्यानंतर, वर पांढरी चादर टाकण्यापुरतं. आता ती चादर घडी होऊन कोपऱ्यात पडली होती. इंजिनावर हळदकुंकू होतं. स्टिअरिंगच्या दांड्याला सुपरमार्केटमधल्या पिवळ्या शेवंतीची माळ होती. पाने आणि पकडी पाटावर ओळीनं मांडल्या होत्या. आणि सांगाड्याच्या एकूण एक नटावर, बोल्टच्या एकूण एक डोक्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

"एकही सोडला नाही," मागून आई म्हणाली. "खालचे लावायला तर सतरंजी टाकून आडवी झाले. गुडघे अजून बोलतायत."

"आई, वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणाली होतीस ना?"

"सण कुठे केला? श्रीखंड नाही, तोरण नाही. पण हत्यारांची पूजा ह्यांनी कधी चुकवली नाही. नोकरीत होते तेव्हा एक्स-रेच्या मशीनला टिळा लावून यायचे. मोठी सिस्टर ओरडली तर तिला म्हणायचे, मॅडम, इन्फेक्शन नाही, इन्श्युरन्स आहे." आई हसली. जुलैनंतर ती अशी मोकळी हसलेली कस्तुरीनं पाहिली नव्हती. "आधी सगळं ओल्या फडक्यानं पुसून काढलं, वर तेलकट थर होता तो घालवला, आणि मग लावत गेले. ह्यांचे अर्धेमुर्धे राहिलेच होते. म्हटलं, आपण पुरे करावेत."

"आजी, तू पुसली? सगळी?" कस्तुरीच्या लेकीनं, ईशानीनं विचारलं.

"सगळी. चकचकीत."

"छान दिसते," ईशानी म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ती आजीकडे नाही, कस्तुरीकडे बघत होती.

आई चहा टाकायला आत गेली. तिच्या सपातांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो ईशानी गप्प राहिली. मग खाली बसली आणि मागच्या चाकाजवळच्या एका नटावर तिनं अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

"आई, आजोबा टिळा का लावायचे, तुला काय वाटतं?"

"का म्हणजे? श्रद्धेनं."

"नो." तिनं अंगठा जीन्सला पुसला. "ओ नो. म्हणजे तुलाही माहीत नाही."

गाडी बांधायचं खूळ बाबांच्या डोक्यात आलं ते दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात. आयुष्यभर नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलांतून लोकांच्या हाडांचे फोटो काढलेला माणूस; म्हणाला, आतून बघून झालं, आता एकदा बाहेरून काहीतरी जोडतो. किटची, म्हणजे गाडीच्या सुट्या भागांची खोकी आली तेव्हा ईशानी चौदा वर्षांची होती. तिनं खोक्यातला एक तुकडा उचलून "हे कुठे लागतं?" असं विचारलं, आणि बाबा म्हणाले, "मलाही ठाऊक नाही, चल शोधू." झालं, त्यानंतर दर शनिवारी लेस्टरहून तिला आजोबांकडे आणून सोडायचं हे कस्तुरीच्या आठवड्यात ठरूनच गेलं. आईनं तोंडाचा पट्टा सोडला होता. स्वयंपाकघरातला नळ वर्षभर ठिबकतोय आणि ह्यांना स्पोर्ट्स कार हवी, ती पण बिनछपराची, आणि ती पण इंग्लंडात! बाबा म्हणायचे, "मधू, पाऊस आला तर छत्री धरायला तू आहेसच की."

ईशानी सतरा वर्षांची झाली, ड्रायव्हिंगची टेस्ट पास झाली की पहिली फेरी स्केगनेसला, समुद्रावर, असं दोघांचं ठरलं होतं.

कस्तुरी आत येऊन चहा घ्यायची, आणि तपासायच्या वह्या संपवायला परत जायची. इतिहासाच्या शिक्षिकेला शनिवार रिकामा मिळणं म्हणजे चैनच होती. तिच्या वाट्याला हे सगळं आलं ते चहाच्या कपाएवढं. शेवटच्या काही महिन्यांत तर बाबा किटलीला हातच लावायचे नाहीत. "तू ओत गं, तुझ्या हातचा गोड लागतो," म्हणायचे. ती ओतायची. परत जाताना मोटरवेवर ते वाक्य तिला पुरायचं.

"हे बघ," ईशानी म्हणाली. "आधी सगळे नट फक्त बोटानं लावायचे. सगळं नीट बसलं की मग हा." तिनं पाटावरून एक लांब दांड्याचा पाना उचलला. "टॉर्क रेंच. त्याच्यावर आकडा सेट करायचा. तेवढा जोर लागला की तो टक् करतो. टक् आला की थांबायचं. आणि मग टिळा. म्हणजे हा झाला, आता ह्याला हात लावायचा नाही. टिळा नाही म्हणजे नुसता बोटानं लावलाय. बाकीचे लोक पेंटचा पेन वापरतात. आजोबा म्हणाले, पेन कशाला, घरात गंधाची बाटली आहे."

ती बाटली आईची होती. आई चिकटवायच्या टिकल्यांवर गेल्यापासून ती देवघराच्या कप्प्यात पडून होती, पातळ लाल गंधाची, टोकदार काडीची. बाबांनी ती मागून घेतली तेव्हा आईनं विचारलंही नव्हतं. तिनं फक्त दारातून पाहिलं होतं की हे एकेक नटाला टिळा लावतायत, आणि तिला बरं वाटलं होतं.

"'आवळलं की टिळा,'" ईशानी म्हणाली, अगदी बाबांच्या सुरात. "आता सगळ्यालाच टिळा आहे."

"कुठे लिहून ठेवलं नाहीत?"

"टिळा हेच लिहिणं होतं ना, आई."

कस्तुरी सांगाड्याकडे बघत राहिली. आईनं किती प्रेमानं, किती नीट लावलं होतं. एकही बोट ओघळलेलं नव्हतं. गुडघेदुखीची बाई सतरंजीवर पाठ टेकून, मोबाइलचा दिवा धरून, नवऱ्याचं राहिलेलं पुरं करत होती. आणि त्यातच तिनं नवऱ्यानं काय केलं होतं तेच पुसून टाकलं होतं.

"मग आता?"

"मग सगळे सोडायचे. एकूण एक. आणि परत आवळायचे."

"नुसता पाना लावून बघितला तर? टक् आला तर घट्ट आहे म्हणायचं."

"आणि आत निळं लॉक लावलंय की नाही ते कसं कळणार? काही बोल्टला ते औषध लावायचं असतं, फिरू नये म्हणून. बाहेरून दिसत नाही. आजोबा म्हणायचे, फिल्म धूसर आली की परत काढायची. अंदाजानं वाचायची नाही. पेशंट आपलाच असतो."

"नाही," कस्तुरी म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"बाबांनी आवळलेले आहेत ते. ते सोडायचे नाहीत."

ती हे इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. ऑगस्टमध्ये बाबांचे कपडे तिनंच पिशव्यांत भरून चॅरिटीच्या दुकानात नेऊन दिले होते. चष्मा, काठी, बूट, सगळं. लायब्ररीचं कार्डसुद्धा रद्द करून आली होती. ते सगळं करताना तिला रडू आलं नाही. वस्तू मागे राहतात, त्या कुणाच्यातरी कामी येतात, हे तिला समजत होतं. पण माणसाचा जोर कुठे राहतो? तो इथे राहिला होता. एका म्हाताऱ्या माणसानं श्वास धरून, दात आवळून दांडा ओढला होता, आणि ती ओढ त्या नटांत तशीच्या तशी अडकून बसली होती. पाना उलटा फिरवला की ती सुटणार, आणि मग ती कुठेच उरणार नाही.

"मग गाडी कधीच चालणार नाही," ईशानी म्हणाली.

"नाही चालली तर नाही चालली."

"तुला काय त्याचं! तू इथे नव्हतीसच. तू चहा पीत होतीस."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. ईशानीनं नाक वर ओढलं, बाहीनं पुसलं, आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "सॉरी. पण मला गाडीत बसायचंय. एप्रिलमध्ये, सतराची झाले की."

ड्रायव्हरच्या सीटची जागा अजून रिकामी होती. खाली नुसता पत्रा, आणि पुढे शेवंतीची माळ घातलेला दांडा. कस्तुरीनं त्या जागेकडे पाहिलं. तिथे बसून ही पोर पन्नास-साठच्या वेगानं समुद्राकडे जाणार. तिच्या खाली, तिच्या चारी बाजूंना हे नट. त्यातले काही घट्ट, काही बोटानं लावलेले, आणि सगळ्यांच्या कपाळी सारखंच कुंकू.

"दे इकडे तो पाना," ती म्हणाली. "आणि आजीला ह्यातलं काही सांगायचं नाही."

"मग काय सांगायचं?"

"सहा महिन्यांनी सगळं एकदा तपासतात म्हणावं."

चहाचा ट्रे घेऊन आई आली तेव्हा दोघी मागच्या कोपऱ्याशी गुडघे टेकून बसल्या होत्या. तपासण्याची गोष्ट तिनं मुकाट्यानं ऐकून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे टिळे परत लावावे लागणार. थांबा." आत जाऊन तिनं गंधाची बाटली आणली आणि बागेतली प्लास्टिकची खुर्ची ओढून, मांडीवर शाल घेऊन, ती त्यांच्याजवळ बसली. "तुमचं आवळून झालं की सांगा. मला ते टक् ऐकू येत नाही."

पहिला नट कस्तुरीनं सोडायचा ठरला. ईशानीनं तिला पाय कसे रोवायचे ते दाखवलं, दुसऱ्या बाजूनं बोल्ट धरून ठेवला आणि सवयीनं म्हणाली, "श्वास घे. धर. आता ओढ."

कस्तुरीचे हात थांबले. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका. ही वाक्यं बाबांनी त्या काळोख्या खोलीच्या काचेमागून या शहरातल्या निम्म्या लोकांना सांगितली असतील. लहानपणी घशात काटा अडकला तेव्हा तिलाही सांगितली होती.

"हे आजोबांनी शिकवलं?"

"हो. आणि टक् आला की म्हणायचे, सोडा श्वास, कपडे घाला."

आई खुर्चीत फिस्सकन हसली.

कस्तुरीनं ओढलं. काहीच झालं नाही. तिनं दांडा दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकला. नट हटला नाही. असा प्रतिकार तिला ओळखीचा वाटला. सायकल शिकताना बाबा मागून सीट धरायचे, आणि तिनं कितीही जोर लावला तरी हात सोडावा असं त्यांना वाटेपर्यंत सायकल पुढे जायची नाही, तसा. मग एकदम 'कट्' असा कोरडा आवाज झाला आणि दांडा तिच्या छातीशी आला.

"हा आजोबांचा," ईशानी म्हणाली.

"हो," कस्तुरी म्हणाली. तिला उठून बाहेर जावंसं वाटलं. ती उठली नाही. तिनं नट पूर्ण सोडवला आणि ईशानीनं पुढे केलेल्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकला. जुने नट परत लावत नाहीत, हेही तिला तेव्हाच कळलं. त्यांच्या आतली नायलॉनची कडी एकदाच धरते. ईशानीनं नवे मागवून ठेवले होते. जूनमध्येच.

मग ते काम सुरू झालं. काही नट हात लावताच फिरायचे. ते कुणाचेच नव्हते, नुसते अडकवून ठेवलेले. आणि काही हटायचे नाहीत, दात घट्ट मिटून बसायचे, आणि शेवटी एकच आवाज करून सुटायचे. ते बाबांचे. थोड्याच वेळात कस्तुरी पाना टेकवण्याआधी अंदाज बांधू लागली. इंजिनाखालचे, ते बाबांचेच असणार, असायचेच. प्रत्येक वेळी ती ओढायची आणि पलीकडून तेवढ्याच ताकदीनं तिला थोपवलं जायचं, क्षणभर. त्या क्षणासाठी ती पुढचा नट शोधायची. एक सुटला की तो परत भेटणार नव्हता, आणि तरीही तिला थांबवेना.

"काय गं, खूप घट्ट आहेत का?" आईनं विचारलं.

"भयंकर."

"मग! माणूसच तसा. लग्नात माझ्या हातात बांगडी चढेना तेव्हा कासारणीला म्हणाले, सरका, मी बघतो. हात सुजला होता माझा दोन दिवस."

"आजी, ही मारहाण आहे," ईशानी म्हणाली.

"अगं, प्रेम म्हणतात त्याला. तुम्हाला काय कळतंय."

नवा नट चढला, टक् वाजला, की ईशानी "आला" म्हणायची आणि आई खुर्चीतून वाकून काडीनं बारीक टिळा लावायची. ओल्या फडक्यानं बोल्टवरचं आधीचं कुंकू पुसून मग लावायची. नटावरून थेट सांगाड्यापर्यंत एक रेघ, अशी. ती कशी ओढायची हे तिला ईशानीनं सांगितलं, आणि आईनं ते विचारलं नाही की रेघ कशासाठी. पाठीमागचे दोन्ही कोपरे झाले. इंजिन झालं. उन्हाची एक तिरीप शटरखालून आत आली आणि गेली. आई भात लावायला उठली.

पुढच्या डाव्या चाकाशी आल्यावर ईशानी बोलायची थांबली.

कस्तुरीच्या ते लगेच लक्षात आलं नाही. तिनं सस्पेन्शनच्या वरच्या हाताच्या बोल्टला पाना लावला, पाय रोवले, श्वास धरला आणि ओढलं. आणि ती मागच्या मागे पडता पडता वाचली. नट सुरसुरत फिरला होता. तिनं खालचा घेतला. तोही तसाच. कडीपाशी जरा धरल्यासारखा, मग मऊ. तिसरा बोटांनीच निघाला.

"हे अजून आवळलेच नव्हते वाटतं," ती म्हणाली.

ईशानी बोल्टचं दुसरं टोक धरून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"आवळलेले होते," ती म्हणाली. "जूनमध्ये. टिळा पण होता."

"मग असे कसे?"

"टक् आला नव्हता."

कस्तुरीनं पाना खाली ठेवला.

"आजोबा ओढत होते," ईशानी म्हणाली. "खूप ओढत होते. त्यांचा हात असा हलत होता. मग थांबले आणि म्हणाले, आला. मी म्हटलं, मला नाही ऐकू आला. तर म्हणाले, आला गं, तुझे कान आजीवर गेलेत." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "मग मी म्हटलं, हो, आला. पुढच्या वेळेपासून मी आधीच म्हणायची. आला, आजोबा. ते टिळा लावायचे. मी ठरवलं होतं की ते चहाला आत गेले की मी गुपचूप परत करेन. पण ते आत जायचेच नाहीत. माझ्याजवळच बसायचे. आणि मग हॉस्पिटल झालं."

"मला सांगायचं होतंस."

"तू काय केली असतीस?"

कस्तुरीला उत्तर ठाऊक होतं. तिनं जीपीला फोन केला असता, गॅरेजला कुलूप घातलं असतं, आणि बाबांना समोर बसवून समजुतीच्या आवाजात बोलली असती. जुलैत डॉक्टर म्हणाले होते, हा आजार गाजावाजा न करता येतो, तुम्ही महिनाभर आधी आला असतात तरी फार फरक पडला नसता. तेव्हा तिला त्यानं धीर आला होता.

"सगळेच नाही," ईशानी म्हणाली. "फक्त ह्या बाजूचे. मला पाठ आहेत कुठले. आजीनं पुसलं नसतं तरी मी तुला सांगणार होते. म्हणजे... मला वाटतं, सांगणार होते."

कस्तुरीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात काळा झाला होता. तेल केसांना लागलं असणार. ईशानीनं डोकं हलवलं नाही.

आई आली तीच पदराला हात पुसत. "झालं का? कुकर झालाय. पुढचे कसे निघाले?"

"चांगले," कस्तुरी म्हणाली.

"ह्यांचे सगळे घट्टच ना?"

"हो आई. सगळे."

आई खुर्चीवर टेकली. तिनं बाटलीचं बूच फिरवलं, काडी बाहेर काढली, कडेला निथळली. मग पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "हे पण? हे तर अगदी शेवटी केलेले."

ईशानीनं हातातला नट आइस्क्रीमच्या डब्यात टाकला.

"मे महिन्यापासून शर्टाची बटणं मी लावत होते त्यांची," आई म्हणाली. "लावते असं दाखवायचं नाही. समोर उभं राहून काहीतरी भांडण काढायचं. ठिबकणारा नळ, नाहीतर ह्यांच्या बहिणीनं लग्नात दिलेलं पातळ. ते चिडले की त्यांचं खाली लक्ष नसायचं. तेवढ्यात लावून मोकळी." काडीच्या टोकाशी गंधाचा थेंब जमला होता. तो तिनं परत बाटलीच्या तोंडाला टिपला. "लोणच्याची बरणी तर मी आधी उघडूनच ठेवायचे. झाकण वर नुसतं बसवलेलं. मग म्हणायचे, अहो, बघा ना हो, उघडत नाही मला. ते उघडायचे. आणि म्हणायचे, बघ, आहे की नाही अजून जोर."

"त्यांना कळत नव्हतं?" कस्तुरीनं विचारलं.

"आता ते मला कसं कळणार?" आई म्हणाली. "मी काही विचारलं नाही. त्यांनीही नाही."

म्हणजे या घरात सगळ्यांना माहीत होतं. सोळा वर्षांची मुलगी खोटा टक् ऐकत होती, शहात्तर वर्षांची बाई बरण्यांची झाकणं सैल करून ठेवत होती. आणि कस्तुरी दर शनिवारी येऊन समोर बसत होती. भरलेली किटली तिच्याकडे सरकवून बाबा म्हणायचे, तू ओत, तुझ्या हातचा गोड लागतो. आणि ती ओतायची, आणि खूश होऊन वह्या तपासायला जायची.

तिनं पाना उचलला. "ईशू, तिकडून धर."

नवा नट चढवला. बोल्टला निळ्या औषधाचा थेंब लावला. ईशानीनं आकडा लावून दिला. आईची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. तिला नीट बघायचं होतं.

"श्वास घे," ईशानी म्हणाली. "धर."

कस्तुरीनं ओढलं. दंडात कळ गेली. दांडा थोडा आला आणि थांबला, आणि तिला वाटलं, बस, एवढंच. इथेच ते थांबले असतील. हात हलू लागला असेल. या इथे त्यांनी पोरीकडे पाहिलं असेल. तिनं आणखी ओढलं. गुडघ्याखालचा काँक्रीटचा खडा रुतला. आणखी थोडं. मग तो आवाज आला, स्वच्छ, बारीक, तिच्या तळहाताला आधी कळलेला.

"आला," ती म्हणाली.

"आला," ईशानी म्हणाली. तिचा चेहरा ओला झाला होता. "मला पण ऐकू आला."

आईनं वाकून टिळा लावला. त्या बाजूचे सगळे नट झाल्यावर तिनं बाटलीला बूच घट्ट लावलं, "उजवी बाजू जेवून मग," म्हणाली, आणि खुर्चीचा हात धरून उठली.

हात धुवायला बराच साबण लागला. नळ अजून ठिबकतच होता. ईशानी पानं मांडत होती. आई गॅसपाशी पाठमोरी उभी राहून फोडणी करत होती. तिघींचंच जेवण, आमटी, भात, बटाट्याची भाजी.

"कस्तुरी, लोणचं घे गं वाढायला," आई म्हणाली.

बरणी ओट्याच्या कोपऱ्यात होती. सकाळपासूनच्या सवयीनं कस्तुरीनं ती पोटाशी धरली, झाकणावर पंजा पक्का बसवला आणि जोर लावला. झाकण अलगद हातात आलं. ते फिरवलेलंच नव्हतं, नुसतं वर ठेवलेलं होतं.

तिनं आईच्या पाठीकडे पाहिलं. मोहरी तडतडत होती. आईनं मागे वळून पाहिलं नाही.

कस्तुरीनं तीन पानांत लोणचं वाढलं. मग झाकण परत बरणीवर ठेवलं, आणि फिरवलं नाही.